पाच हात आणि वरचे दोन पैसे

बुधवारी दुकान बंद असतं, म्हणून या घरावर संकटंसुद्धा बुधवार बघूनच येतात, असं थोरल्या सुनेचं ठाम मत होतं. ती शाळेत भूगोल शिकवायची. आठवीचा वर्ग वाऱ्यावर सोडून ती धावत घरी आली, तेव्हा बाहेरच्या खोलीत सगळे आधीच जमले होते आणि सगळेच एका वेळी बोलत होते.

भिंतीवर दोन घड्याळं होती. डावीकडचं घरचं, उजवीकडचं भिंगरीच्या गावचं. लेक परदेशी शिकायला गेली त्या दिवशी थोरलीनं स्वतः स्टुलावर चढून ते लावलं होतं. घरच्या घड्याळात पावणेतीन वाजले होते, भिंगरीच्या घड्याळात सव्वादहा.

“बारा वाजता नाव कापणार म्हणते!” थोरला म्हणाला. “तिकडचे बारा, म्हणजे आपले साडेचार.”

“घड्याळ मलाही कळतं. ओरडू नका, आधी बसा.”

भिंगरीचा निरोप सकाळपासून प्रत्येकाच्या फोनवर येऊन धडकला होता. दुसऱ्या सत्राची फी परवाच घरून गेली होती, तिच्या खात्यात जमाही झाली होती, पण तिथल्या बँकेनं खातंच गोठवलं होतं. त्यातला छदामही तिला काढता येत नव्हता. कॉलेजनं दोनदा मुदत वाढवून दिली होती, तिसऱ्यांदा देणार नव्हतं. आज दुपारी बारानंतर प्रयोगशाळेतली तिची जागा यादीतल्या पुढच्याला जाणार होती. आणि जागा साधीसुधी नव्हती. तीन पिढ्या वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या घरातली ही पोर, धुळीच्या कणाचं वजन करणारा काटा कसा बनवतात ते शिकायला गेली होती. थोरला ही गोष्ट गिऱ्हाइकानं न विचारताही सांगत असे.

“पण पैसे तर पोचले! मग बँकेच्या पोटात का दुखतंय?” धाकट्यानं विचारलं. धाकटा लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. दिवसभर शेजारच्या सीटवरून ब्रेक दाबून दाबून, घरात वाद सुरू झाला तरी त्याचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा.

“तू तर बोलूच नकोस. ते वरचे दोन पैसे तूच पाठवलेस,” थोरला म्हणाला.

“आण्णांनी सांगितलं म्हणून पाठवले!”

आण्णा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. वय शहाऐंशी. कान मनाप्रमाणे चालायचे. “दोन पैसे बरोबर होते,” ते म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.

हे दोन पैसे काय, ते कळायला या घराची रीत माहीत हवी. मोठी रक्कम एका हातानं जाऊ द्यायची नाही, हा आण्णांचा एक्केचाळीस वर्षांपूर्वीचा नियम. तेव्हा दुकानासाठी नवं यंत्र घ्यायचं होतं. त्याचे पैसे घेऊन आण्णांची मोठी लेक, म्हणजे भिंगरीची आत्या, एकोणिसाव्या वर्षी एकटी बसनं निघाली. गर्दी झाली तशी तिनं मांडीवरची कापडी पिशवी खाली ठेवली आणि उतरताना शेजारची, हुबेहूब तशीच दुसरी पिशवी उचलली. यंत्रवाल्यासमोर पिशवी उघडली तर आत एक ओला टॉवेल आणि साबणाची डबी. पैसे गेले ते गेलेच. तेव्हापासून घरातून रक्कम निघाली की ती सारखी वाटली जायची. एकजण रस्त्याच्या डाव्या कडेनं, दुसरा उजव्या कडेनं, तिसरा पुढच्या बसनं. सगळे परत आले की आण्णा दोनच प्रश्न विचारायचे. “किती हात?” आणि मग, “पोचले?”

आत्याच्या हातात मात्र त्यानंतर कुणी वाटा दिला नाही. असं कुणी ठरवलं नव्हतं. होत गेलं.

आता पैसे फोनवरून जातात, त्यांना ना बस लागते ना रस्ता. पण रीत ती रीत. परवा फीचे पाच वाटे झाले. थोरला, थोरली, धाकटा, धाकटी आणि आण्णा. काटेवाल्यांचं घर, त्यामुळं वाटे शेवटच्या पैशापर्यंत सारखे. तरी भागाकारात त्या तिकडच्या चलनातले दोन पैसे उरले. ते कुणी घ्यायचे यावर अर्धा तास भांडण झालं. शेवटी आण्णा म्हणाले, काटा दोन पैसे कमी दाखवत असेल तर माल पुरा म्हणू नये. मग धाकट्यानं आधी ते दोन पैसे वेगळे पाठवले. त्यांच्यावर बँकेनं त्यांच्या कित्येक पट दलाली कापली. नंतर पाचही जणांनी एका सोफ्यावर दाटीवाटीनं बसून “एक, दोन, तीन!” म्हणत एकदमच बटण दाबलं. आण्णांचा अंगठा धाकट्या सुनेनं धरून टेकवला.

केवढी हौस वाटली होती सगळ्यांना! पोरीची फी एका झटक्यात भरली म्हणून टाळ्यासुद्धा वाजवल्या होत्या.

टीव्हीवर भिंगरीचा चेहरा उमटला. तिच्यामागं काचेची भिंत होती आणि शेजारी राखाडी कोट घातलेली एक बाई, समोर कागदांचा गठ्ठा.

“सगळे आहात ना?” भिंगरी घाईघाईनं म्हणाली. “या बँकेच्या तपासणीच्या बाई. त्या विचारतील ते मी तुम्हाला सांगते, तुम्ही सांगाल ते मी त्यांना सांगते. नीट उत्तरं द्या. आणि कृपा करून एकेकानं बोला.”

“जेवलीस का?” थोरलीनं विचारलं.

“आई, इथं सकाळ आहे!”

बाई काहीतरी म्हणाल्या. भिंगरीनं मराठीत सांगितलं, “त्या म्हणतात, एकाच मिनिटात, पाच वेगळ्या माणसांकडून, शेवटच्या पैशापर्यंत सारखी रक्कम आली. त्यांच्या यंत्रानं लाल दिवा लावला. त्या विचारतायत, हे कोण लोक आहेत?”

“सांग, घरचेच आहेत. आई, बाबा, काका, काकू, आजोबा,” थोरला छाती फुगवून म्हणाला.

“त्या म्हणतात, हे लोक नेहमी असं करतात का?”

ज्यांचे कान मनाप्रमाणे चालायचे ते आण्णा या प्रश्नाला खडबडून जागे झाले. “नेहमी!” ते गरजले. “सांग त्यांना, एक्केचाळीस वर्षं! एकदाही पकडले गेलो नाही, म्हणजे, एकदाही चुकलो नाही!”

बाईंनी विचारलं, आजोबा काय म्हणाले. भिंगरीनं क्षणभर छताकडं पाहिलं.

“आण्णा, ‘नेहमी’ नव्हतं म्हणायचं हो,” धाकटी कपाळाला हात लावून म्हणाली. ती दातांच्या दवाखान्यात गिऱ्हाइकांना ‘काही दुखत नाही’ असं सांगायच्या नोकरीवर होती. लोकांना काय सांगावं आणि काय सांगू नये, हे तिला चांगलं कळायचं.

“आणि हे दोन पैसे,” भिंगरी म्हणाली, “बाई विचारतायत हे काय आहे. चोरलेलं खातं चालू आहे की नाही ते बघायला चोर म्हणे आधी अशीच चिमूटभर रक्कम टाकून बघतात.”

“मी चोर?” धाकट्याचा पाय ब्रेकवर गेला. “अगं, भागाकारातले उरलेले आहेत ते! तिला भागाकार समजावून सांग!”

“काका, त्यांना भागाकार येतो.”

काचेच्या त्या खोलीत भिंगरीला एकाच वेळी रडूही येत होतं आणि हसूही. बाईंनी आता तिच्याच खात्याचा कागद पुढं सरकवला. दर सोमवारी, सकाळी आठ वाजता, चार छोट्या रकमा चार कप्प्यांत. कप्प्यांची नावं तिनंच दिली होती: भाडं, पोट, बस, धुलाई. शिवाय वाचनालयातल्या कामाचे पैसे आले की त्याचेही चार भाग. एक नोट जाड शब्दकोशात ठेवायची, एक हिवाळी बुटात. इथं आल्यावर खातं उघडायला घराच्या पत्त्याचा कागद हवा, पत्त्याच्या कागदाला घरमालकाची सही हवी आणि घरमालकाला आधी खातं हवं, अशा चक्रात तिनं सहा आठवडे काढले होते. त्यातून ती एकटी पार पडली होती. आपण फार शहाण्या झालो असं तिला वाटत होतं. आज कळलं, आपण नुसत्या घरच्यांसारख्या झालो.

“हेही तुमच्या घरच्यांनीच शिकवलं का?” बाईंनी विचारलं.

“शिकवलं नाही,” भिंगरी म्हणाली. “लागलं.”

बाई पहिल्यांदाच हसल्या. मग त्यांनी सावकाश, कागदावर एकेक रेघ ओढत सगळं सांगितलं आणि भिंगरीनं ते घरी पोचवलं. पैसे सुरक्षित आहेत. पाचही जणांचे कागद तपासून मोकळे व्हायला कामाचे दहा दिवस लागतील. आज त्यांना हात लावता येणार नाही, बाईंनाही नाही. एकच वाट आहे. कॉलेजच्या संकेतस्थळावर घरून थेट फी भरता येते, ती लगेच जमा होते. पण तिथं भरणारा एकच असावा लागतो.

“एकच म्हणजे?” थोरल्यानं विचारलं.

“एक माणूस, एक खातं, सगळी रक्कम. बाबा, वाटे चालत नाहीत तिथं.”

सगळ्यांच्या माना दोन्ही घड्याळांकडं वळल्या.

“चला, कुणाकडं किती उरलंय?” थोरली म्हणाली. थोरल्यानं उरलेले परवाच नव्या वजनांच्या संचात घातले होते. धाकट्याच्या मोटारीचा क्लच गेला होता. धाकटीनं सांगितलेली रक्कम ऐकून धाकटाच चकित झाला, कारण ती त्याला माहीत असलेल्या रकमेपेक्षा जास्त होती. पण तीही कुठल्या कुठं अपुरी होती. मुद्दा असा, की पाच हात परवाच रिकामे झाले होते.

“शेजाऱ्यांकडं मागू,” थोरला म्हणाला.

“कुणाकडं? ज्यांच्या काट्याची दुरुस्ती तुम्ही दोन वर्षं रखडवलीत त्यांच्याकडं?”

“मग तुझ्या मुख्याध्यापिकेकडं माग!”

“दादा, वहिनीवर काय ओरडतोस?”

“तू पाय हलवणं बंद कर आधी!”

फ्रिज कुठं ठेवायचा यावरून गेली सहा वर्षं एकमेकींशी जेवढ्यास तेवढं बोलणाऱ्या दोन्ही जावांनी अचानक एकमेकींकडं पाहिलं. मग दोघींनीही एकदमच दाराजवळच्या स्टुलाकडं पाहिलं. तिथं आत्या शब्दकोडं सोडवत बसली होती.

आत्यानं आपल्याकडं वळलेल्या नजरा ओळखल्या, पण पेन्सिल थांबवली नाही. तेहेतीस वर्षं ती पाणीपट्टीच्या खिडकीवर रोखपाल होती. शहरातल्या प्रत्येक नळाचा पैसा तिच्या हाताखालून गेला होता. संध्याकाळी जाळी ओढली की हिशोब जुळलेला असायचा. एकदाही तिला स्वतःच्या खिशातून भर घालावी लागली नव्हती. सगळ्या शहरानं तिच्या हातात पैसे दिले. घरानं दिले नाहीत. याचं दुःख तिला रोज होत नसे. पण परवा झालं होतं, आणि चांगलंच झालं होतं.

“ताई,” धाकटी गोड आवाजात म्हणाली, “तुमच्याकडं...”

“आडवा शब्द आहे, चार अक्षरी,” आत्या म्हणाली. “‘न विचारलेला.’”

“ताई, विचारतोय ना आता,” थोरली जवळ जाऊन बसली. “तुमच्याकडं आहेत का?”

आत्यानं पेन्सिल खाली ठेवली. “आहेत. मी निवृत्त झाले तेव्हापासून आहेत. भिंगरीला प्रवेश मिळाला त्याच आठवड्यात मी बँकेत जाऊन परदेशी पैसे पाठवायचा फॉर्म भरला. मर्यादा वाढवून घेतली. तिथल्या मुलीनं विचारलं, कुणाला पाठवायचेत? म्हटलं, भाचीला. पाच महिने झाले त्याला.” “मला वाटलं, या वेळी सहा वाटे होतील. परवा तुम्ही पाचजण त्या सोफ्यावर ‘एक, दोन, तीन’ करत होतात ना, तेव्हा मी याच स्टुलावर होते. फोन माझ्याही हातात होता.”

कुणालाही कुणाकडं बघवेना. पडद्यावर भिंगरीनं तोंडावर हात धरला होता. राखाडी कोटवाल्या बाईंनी काही न विचारता कागद बाजूला ठेवले.

“ताई, दे ना मग,” धाकटा कसाबसा म्हणाला. “आत्ताच्या आत्ता दे.”

“थांब,” थोरला म्हणाला. आणि खरं सांगायचं तर त्याला स्वतःचीच लाज वाटत होती, पण एक्केचाळीस वर्षांची भीती काही एका मिनिटात उतरत नाही. “सगळी रक्कम? एकदम? म्हणजे, ताई बटण दाबेल, पण आकडे मी वाचतो. धाकटा मागून बघेल. आणि...”

“नाही!” दोन्ही सुना आणि धाकटा एका सुरात ओरडले. सहा वर्षांत या घरात इतकं एकमत झालं नव्हतं.

“मग तूच भर,” आत्या शांतपणे म्हणाली.

थोरल्यानं घड्याळाकडं पाहिलं. मग लेकीकडं. मग जाऊन आत्याच्या समोर फरशीवर बसला, लहानपणी बसायचा तसा. “ताई,” तो म्हणाला, “तो टॉवेल अजून दुकानात आहे. काटे पुसायला.”

“माहीत आहे. दर बुधवारी कोण धुतं?”

“तू?”

“नाहीतर काय, तो आपोआप धुतला जातो?”

थोरल्याला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. “ताई, तू भर. तुझी तूच भर. मी बघणारसुद्धा नाही,” असं म्हणून तो खरंच भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. आणि मग दर अर्ध्या मिनिटानं, “झालं का?” असं विचारत राहिला.

आत्यानं चष्मा लावला. आकडे टाकताना तिची बोटं खिडकीवर असायची तशीच चालत होती, न अडखळता, प्रत्येक आकडा ओठांत म्हणत. कॉलेजचा क्रमांक भिंगरीनं एकदा सांगितला, आत्यानं तो उलटा म्हणून दाखवला. तेवढ्यात फोन वाजला. तिच्या बँकेतून होता. एवढी मोठी रक्कम बघून त्यांनाही शंका आली होती.

“हो, मीच करतेय,” आत्या म्हणाली. “नाही, कुणी जबरदस्ती करत नाहीये. पाचजण डोक्यावर उभे आहेत, पण त्यांचं इथं काही चालत नाही.”

मग एक रकाना उघडला. विद्यार्थ्याशी नातं. खाली यादी होती: वडील, आई, पालक, संस्था, इतर.

“आत्या नाहीये यात,” धाकटी वाकून म्हणाली.

“असं कसं नाही? आत्या नाही म्हणजे काय!” धाकटा चिडला. “तक्रार करा! कसलं कॉलेज आहे?”

“‘इतर’ दाबते,” आत्या म्हणाली. “मला सवय आहे.”

“अजिबात नाही,” थोरली म्हणाली. तिनं आत्याचा हात मनगटापाशी धरून वर उचलला. ती भिंगरीची आई होती, त्यामुळं हे बोलायचा हक्क त्या खोलीत तिलाच होता. “‘पालक’ दाबा, ताई.”

आत्यानं तिच्याकडं पाहिलं. मग पडद्याकडं. भिंगरी जोरजोरात मान हलवत होती.

आत्यानं ‘पालक’ दाबलं.

एक चकती गोल गोल फिरू लागली. ती इतका वेळ फिरली की धाकट्यानं दोनदा ब्रेक दाबला आणि भिंतीकडं तोंड केलेल्या थोरल्यानं ‘झालं का’ विचारायचंही सोडून दिलं. चार वाजायला पाच मिनिटं होती. मग तिकडून भिंगरीची अशी किंकाळी आली, की काचेच्या खोलीबाहेर रांगेत उभी असलेली माणसं वळून बघू लागली.

“आली! पावती आली! आत्या! जागा राहिली माझी!” ती खुर्चीवरून उठून नाचत होती. तिनं राखाडी कोटवाल्या बाईंना मिठी मारली. बँकेच्या नियमात मिठीबद्दल काही लिहिलेलं नसावं, कारण बाईंनीही तिला थोपटलं. इकडं दोघी जावा एकमेकींच्या गळ्यात पडल्या, धाकट्यानं आत्याला स्टुलासकट उचलायचा प्रयत्न केला आणि थोरला भिंतीला टेकून नुसता “ताई, ताई” करत राहिला. आत्या मात्र चष्मा पुसत बसली. चष्मा स्वच्छच होता.

या सगळ्या गोंधळात खिडकीजवळच्या खुर्चीतून एक हात वर झाला. सगळे गप्प झाले. रीत ती रीत.

“किती हात?” आण्णांनी विचारलं.

थोरल्यानं ताईकडं पाहिलं. हे उत्तर त्याचं नव्हतं.

“एक, आण्णा,” आत्या म्हणाली. “माझा.”

आण्णांनी मान वळवून लेकीकडं पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं. त्यांना त्या यंत्रवाल्याचा चेहरा आठवत नव्हता, रक्कमही आता नीट आठवत नव्हती. त्या दिवशी दारात उभी असलेली, हातात परक्याची पिशवी धरलेली पोर मात्र स्पष्ट आठवत होती. आपण तिला तेव्हा रागावलो नव्हतो, याचा त्यांना इतकी वर्षं अभिमान वाटायचा. न रागावता आपण काय केलं, ते त्यांना आज या स्टुलाकडं बघताना कळलं.

“पोचले?”

“पोचले, आण्णा.”

आण्णांनी खुर्चीशेजारच्या कप्प्यातून आपलं पेन्शनचं पुस्तक काढलं. ते बघून दोन्ही मुलगे सवयीनं उठले. महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी ते दोघं जायचे, थोरला डाव्या कडेनं, धाकटा उजव्या कडेनं, आणि पेन्शन अर्धी-अर्धी आणायचे.

“तुम्ही बसा,” आण्णा म्हणाले आणि पुस्तक आत्याच्या हातात दिलं. “पोरी, उद्या तू आण. सगळी.”

“एकटी?”

“मग काय वरात काढायची?”

आत्यानं पुस्तक दोन्ही हातांत धरलं. “कशानं जाऊ?” तिनं हळूच विचारलं.

पडद्यावरची भिंगरीसुद्धा श्वास रोखून बघत होती. राखाडी कोटवाल्या बाईंनी काय चाललंय म्हणून विचारलं, तर तिनं त्यांना हातानंच थांबायला सांगितलं.

“बसनं जा,” आण्णा म्हणाले. “आणि तो टॉवेल बरोबर ने. तो माणूस भेटलाच, तर देऊन टाक.”